जिवाणूच्या पोटातलं कुलूप

जिवाणूच्या पोटात कुलूप नसतं. आज मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी हे मी सांगेन, कारण एकदा मीच ते तिथं बसवलं होतं. चांगलं पितळी, दोन चाव्यांचं.

मी चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला आहे. टूलरूम म्हणजे साचे आणि काम घट्ट धरून ठेवणारी फिक्स्चर बनवायची जागा. आमच्या खात्यातल्या माणसाला एक वाईट खोड असते. त्याच्यासमोर काहीही ठेवा, तो त्यात सुधारणा सुचवणार. यात त्याचा दोष नाही, कंपनीच ती सवय लावते. दर महिन्याला प्रत्येकानं एक तरी सुधारणा करून दाखवायची, तिला कायझेन म्हणायचं, आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढायचे आणि फळ्यावर लावायचे. अठरा वर्षं हे केल्यावर माणूस घरी आल्यावर हात बांधून कसा बसेल? मी पोळपाटाला रबरी पाय लावले. मिक्सरचं बटण डावीकडून उजवीकडे आणलं. बायकोच्या पर्सची चेन उलट्या बाजूनं उघडेल अशी करून दिली, तर ती बिचारी महिनाभर बसमध्ये पर्स चाचपत राहिली. "तुम्हाला सांगितलं होतं कुणी?" हे वाक्य आमच्या घरात चहापेक्षा जास्त वेळा होतं.

बायको जीवशास्त्र शिकवते. राजगुरुनगरकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवलं तेवढ्यापुरती शिक्षिका, बाकी वेळ कुणीच नाही. हजेरीपटावर तिचं नाव सगळ्यात खाली, तेही पेन्सिलनं. मार्च संपला की ती शिक्षिका नसायची, आणि जूनमध्ये तिथं कुणाला आठवण झाली की परत व्हायची. नऊ वर्षं हे चाललं. मागच्या वर्षी तिथं एक कायम जागा निघाली. त्या दिवशी ती भाकरी थापत होती. थापतच म्हणाली, "यंदा नाही झालं तर संपलं. पुढच्या वेळी माझं वय बसत नाही." ती भाकरी जरा जास्तच पातळ झाली.

निवडीसाठी तिला पाठ घेऊन दाखवायचा होता, अकरावीच्या वर्गावर, तीन माणसांच्या समितीसमोर. विषय त्यांनीच दिला होता: जिवाणू पेशीची रचना. हातात चार दिवस. तिच्याकडे थर्माकोलचा एक जुना जिवाणू होता, पण माळ्यावरून काढला तर उंदरांनी त्याची अर्धी भिंत खाऊन टाकली होती.

"मी करून देतो," मी म्हणालो.

"नको."

"अगं, मी गाडीच्या दरवाज्याचे साचे करतो. तुझा एवढासा जिवाणू मला होणार नाही?"

तिनं उंदरांनी खाल्लेल्या जिवाणूकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. दोघांत काय निवडावं असा प्रश्न तिला नक्की पडला असणार. शेवटी तिनं वहीचं पान फाडलं आणि आकृती काढायला घेतली.

"माप काय?" मी विचारलं.

"जिवाणूचं? जाडी साधारण एक मायक्रॉन."

मला हसूच आलं. "एक मायक्रॉन? तेवढी चूक आमच्याकडे माफ असते."

"तेवढ्यात तो खातो, पितो, वाढतो आणि एकाचे दोन होतो," ती म्हणाली. "तुमच्या माफ केलेल्या चुकीत त्याचा आख्खा संसार असतो. आता ऐका नीट."

आणि तिनं मला शिकवायला सुरुवात केली. सगळ्यात बाहेर संपुटिका, म्हणजे बुळबुळीत आवरण, सगळ्याच जिवाणूंना नसतं पण आपल्या जिवाणूला द्यायचं. त्याच्या आत पेशीभित्तिका, ही कडक, आकार हिच्यामुळे टिकतो. तिला आतून चिकटून पेशीपटल, पातळ पडदा, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही ते हा ठरवतो. आत पेशीद्रव्य, खळीसारखं. त्यात रायबोसोम, हजारो बारीक दाणे, प्रथिनं बनवणारे. प्लाझ्मिडच्या छोट्या रिंगा. "आणि मध्ये डीएनए," ती म्हणाली. "मोकळा." तिनं बाण काढून 'मोकळा' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. "हे लक्षात ठेवा. मोकळा."

"हो, हो," मी म्हणालो. "ही शेपटी कसली?"

"कशाभिका. ती फिरते आणि जिवाणू पोहतो. तिच्या बुडाशी मोटर असते."

"मोटर?"

"फिरणारा दांडा, भोवती स्थिर भाग, आणि दांडा भिंतीतून बाहेर येतो तिथं कड्या."

"बुश!" मी ओरडलोच. फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या कडीला आम्ही बुश म्हणतो. "त्याला बुश पण आहे? एक मायक्रॉनच्या जीवात बुश बसवला कुणी?"

"कुणी नाही. त्याचा तोच तयार होतो."

"बुश असा आपोआप बसत नाही गं. दोन्हीकडून फिरते का ती?"

"दोन्हीकडून फिरते. एका बाजूनं फिरली की सरळ पळतो, उलटी फिरली की गिरकी खाऊन दिशा बदलतो."

पुढचा अर्धा तास मी फक्त मोटरबद्दल विचारत होतो. ती डीएनएबद्दल आणखी काहीतरी सांगत होती बहुतेक. पण मी शेपटीत अडकलो होतो, माझं लक्षच नव्हतं.

साहेबांच्या परवानगीनं भंगारातला माल मिळाला आणि शिफ्ट सुटल्यावर काम सुरू झालं. जोडीला मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन घेतला, माझा दोस्त. हा चाकणजवळच्याच गावचा. सकाळी घरच्या कांद्याला पाणी देतो आणि मग कंपनीत येऊन आमच्या मशीनला करंट देतो. ॲक्रिलिकचा जाड पाइप आणला, उभा चिरला, बिजागरी लावली, झाली पेशीभित्तिका. आतून नारिंगी रबराचा पातळ पडदा. बाहेरून फुग्याफुग्यांचं पॅकिंग गुंडाळलं. "वहिनी बुळबुळीत म्हनल्यात," असं म्हणून दोस्तानं त्यावर मूठभर ग्रीस चोपडलं. रायबोसोम म्हणून बेअरिंगचे छर्रे, प्लाझ्मिड म्हणून ओ-रिंगा. शेपटीला लांब स्प्रिंग आणि गाडीच्या वायपरची मोटर, दोन बटणं, एक सुलट, एक उलट. आणि बुश. बुश मी स्वतः लेथवर काढला, आणि असा काढला की त्याच्याकडे बघून मला थोडा वेळ कुणाशी बोलावंसं वाटेना.

गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी. मशीनं बंद, मेंटेनन्सवाले तेवढे येतात. आम्ही दोघंच होतो. डीएनए म्हणून पंधरा मीटर लाल वायर आत सोडायची तेवढी राहिली होती. ती मी भरली. दोस्त कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"हे असंच ऱ्हानार?"

"असंच."

"उघडी वायर?"

त्याची जखम ताजी होती. मागच्याच महिन्यात एका टेबलफॅनची वायर लोंबत राहिली म्हणून सेफ्टीवाल्यांनी त्याला लाल टॅग दिला होता आणि त्या वायरचा फोटो आठ दिवस गेटजवळच्या फळ्यावर झळकत होता. गावाकडची माणसं येता-जाता विचारायची, काय केलंस रं?

"ह्यो डीएनए करतो काय?" त्यानं विचारलं.

"आख्ख्या पेशीचा कंट्रोल त्याच्याकडे."

"कंट्रोल! आन् मधी मोकळा टाकलाय? अशी बारकी बी चूक आमी केली आस्ती तर साहेबानं घरी घालवलं आस्तं. न्हाई राव, ह्याला पेटी पायजे."

मी खिशातून बायकोचा कागद काढला. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, मोकळा, खाली दोन रेघा. आणि मी काय म्हणालो ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "कागदावर तसंच असतं रे. ड्रॉइंगवाल्यांना शॉपफ्लोअरचं काय कळतं?"

झालं. कंट्रोल पॅनेलची एक छोटी राखाडी पेटी सापडली. दोस्तानं वायरच्या सुरेख घड्या केल्या, दर चार बोटांवर प्लास्टिकचा टाय आवळला आणि सगळी वायर पेटीत बसवली. पेटी पेशीच्या बरोबर मध्यावर. कुलूप माझी कल्पना. पेटीवर कवटीचं 'धोका' स्टिकर लावायची त्याची. मग आम्ही दोन फोटो काढले, आधी आणि नंतर.

चिकटवलेलं सगळं सुकायचं होतं, आणि गेटपासवर सही करणारे साहेब गुरुवारी नसतात, म्हणून माल बाहेर पडणार शुक्रवारी सकाळी. पाठ अकराला. साडेआठपासून मी साहेबांच्या दारात उभा. साडेनऊला सही मिळाली. गेटवर सिक्युरिटीवाल्यानं पास वाचला. 'जिवाणू, एक नग, परत न येणारा.'

"जिवाणू म्हंजे रोगाचा ना?" तो म्हणाला. "असा बाहेर कसा सोडू?"

"खोटा आहे तो."

"मग खरा आत ऱ्हायला का?"

त्याच्याशी वाद घालण्यात दहा मिनिटं गेली. मग दोस्ताच्या पिकअपमध्ये जिवाणू मांडीवर घेऊन मी बसलो आणि चाकणच्या चौकात आम्ही बाकीच्या दुनियेसोबत उभे राहिलो. कंटेनर पुढं, कंटेनर मागं, मध्ये आमचा जिवाणू. मोटर दिली असली तरी त्याचा काही उपयोग नव्हता.

पोचलो तेव्हा अकराला पाच कमी होते. बायको ठेवणीतली साडी नेसून फाटकात उभी होती, घड्याळाकडे बघत. मी मॉडेलवर जुनी चादर बांधली होती.

"ड्रॉइंगप्रमाणे आहे ना?" तिनं विचारलं.

"शंभर टक्के. उलट जास्तच."

"जास्त म्हणजे?"

"वर्गातच उघड. मजा येईल."

तिचे डोळे बारीक झाले, पण तेवढ्यात घंटा झाली. शिपायानं आणि दोस्तानं मॉडेल आत नेऊन ठेवलं. आम्ही दोघं व्हरांड्यात, खिडकीच्या गजांपाशी.

समिती पुढच्या बाकावर होती. संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य आणि बाहेरून आलेल्या एक तज्ज्ञ बाई, चष्मा नाकाच्या टोकावर आणि पेन हातात. बायकोनं चादर काढली. पोरं "आयला!" म्हणाली. तिनं बटण दाबलं, शेपटी गरागरा फिरली, उलटं बटण दाबलं, उलटी फिरली. टाळ्या पडल्या. अध्यक्ष उठून आले आणि संपुटिकेवरून त्यांनी कौतुकानं हात फिरवला. नंतरचा सगळा पाठ ते रुमालानं ग्रीस पुसत होते. मी गजांबाहेर फुगलो होतो नुसता. दोस्ताला म्हणालो, "बघ, बुश कसा चाललाय."

संपुटिका झाली, भित्तिका झाली. "आता आपण आत जाऊ," असं म्हणून तिनं वरचा अर्धा भाग उघडला.

आणि ती थांबली.

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चौदा वर्षांच्या संसारात तो लाल रंग मी तीन-चारदाच बघितला असेल, आणि प्रत्येक वेळी कारण मीच होतो. तिनं मान वळवून खिडकीकडे बघितलं. एकदाच. त्या क्षणी मला तो कागद दिसला, ते दोन रेघांचं 'मोकळा', आणि ती काय सांगत होती तेही आठवलं. मी बुशचं विचारत असताना ती सांगत होती की आपल्या पेशीत डीएनए केंद्रकात बंद असतो, जिवाणूला केंद्रकच नसतं, सगळा फरकच तो आहे. तिनं परीक्षेला जिवाणू आणला होता आणि मी त्याच्या पोटात केंद्रक घातलं होतं. वर कुलूप.

तज्ज्ञ बाईंनी मान उंच करून बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"वहिनींना आवडलं का रं?" दोस्त कुजबुजला.

"गप बस."

बायको वर्गाकडे वळली. "मुलांनो, ही पेशी कुणाची?"

"जिवाणूची!"

"नक्की?"

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी चाचरत उठली. "मॅडम, मग ती पेटी कसली? जिवाणूला केंद्रक नसतं ना?"

"बरोबर!" बायको एवढ्या जोरात म्हणाली की प्राचार्य दचकले. "ही पेटी असती तर ही पेशी तुमची-माझी झाली असती. कांद्याची झाली असती. जिवाणूची नाही. ही चूक आहे, आणि ती आपण आत्ता दुरुस्त करू."

तिनं पेटी ओढून पाहिली. कुलूप. पोरं हसायला लागली. ती सरळ खिडकीपाशी आली, माझ्याकडे न बघता गजांतून हात बाहेर काढला आणि म्हणाली, "चावी."

चावी माझ्या खिशात होती, गेटपासमध्ये गुंडाळलेली. मी दिली. "घरी या, मग बघते," ती ओठ न हलवता म्हणाली. कुलूप उघडलं, तर आत दोस्ताचे ते टाय. हात पुन्हा गजांतून बाहेर. दोस्तानं अभिमानानं खिशातलं कटर तिच्या हातात ठेवलं. कट, कट, कट. पेटी काढून तिनं टेबलावर आपटली आणि दाबून बसवलेली पंधरा मीटर लाल वायर उसळून साऱ्या पेशीत पसरली, छर्ऱ्यांवर, रिंगांवर, काही बाहेर लोंबत.

"असा," ती म्हणाली. "असा असतो डीएनए. मोकळा." हे ती वर्गाला सांगत होती, पण बघत होती खिडकीकडे. मग परत वर्गाकडे वळली. "आता फायदा बघा. आपल्या पेशीत डीएनए आत बसून निरोप लिहितो, तो पुरा झाला की बाहेर येतो, मग रायबोसोम प्रथिन बनवायला घेतात. इथं मध्ये भिंतच नाही. निरोप लिहून व्हायच्या आधीच रायबोसोम त्याला चिकटतात आणि काम सुरू. कुणाच्या सहीसाठी कुणी थांबत नाही. म्हणून हा एवढासा जीव एवढ्या झपाट्यानं वाढतो."

"आपल्या कंपनीत आसं पायजे व्हतं राव," दोस्त उसासा टाकून म्हणाला.

पाठ संपला. तज्ज्ञ बाईंनी चष्मा वर केला. "मॅडम, ती पेटी तुम्ही मुद्दाम ठेवली होती का? मुलांना चूक शोधायला लावायची? युक्ती छान आहे."

मी बाहेरून जिवाच्या आकांतानं मान हलवत होतो. हो म्हण. अगं, हो म्हण! एका शब्दाचं काम होतं.

"नाही," बायको म्हणाली. "मुद्दाम नव्हती. मॉडेल माझ्या नवऱ्यानं केलं. मी ते उघडून न बघता वर्गात आणलं, ही माझी चूक. पेटी मला तुमच्याबरोबरच दिसली."

बाईंनी मान हलवली आणि पुन्हा काहीतरी लिहिलं. अध्यक्ष रुमालाकडे बघत होते. संपलं, मी मनात म्हणालो, नऊ वर्षं मी एका कुलपात घातली.

परत येताना पिकअपमध्ये तिघंही पुढं बसलो होतो. ती म्हणाली, "मी दोन रेघा मारल्या होत्या."

"हो."

"दिसल्या होत्या?"

"दिसल्या होत्या."

"मग?"

खोटं बोलायची ती वेळ नव्हती. "मला वाटलं, तुला त्यातलं कळत नाही."

ती काचेतून बाहेर बघत राहिली. "तिथं नऊ वर्षं मला कुणी काही विचारत नाही. मी सांगते ते घरात तरी ऐकलं जावं, एवढंच." तिनं पदरानं डोळे पुसले. मला स्वतःची लाज वाटली. नुसती वाटली नाही, कुठं तोंड लपवू असं झालं.

तेवढ्यात दोस्त गाडी चालवता चालवता घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, कवटीचा स्टिकर तेवढा माझा. कुलूप त्यांचं."

ती रडता रडता फसकन् हसली. मग परत रडली. मग माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ होता.

तीन आठवड्यांनी संस्थेचं पत्र आलं. मी पहिल्या शिफ्टहून आलो तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि पत्र समोर होतं. कायम नेमणूक. तिचं नाव शाईत छापलेलं. मी ते तीनदा वाचलं, माझे डोळे भरून आले आणि लगेच माझं डोकं सुरू झालं. ॲल्युमिनियमची फ्रेम. कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून. मागं हूक. तोंड उघडलं होतं मी.

ती माझ्याकडे बघत होती. "बोला. काय सुधारणा?"

"काही नाही," मी म्हणालो. "तू सांग. काय करायचं याचं?"

तिनं थोडा विचार केला. असा प्रश्न तिला सवयीचा नव्हता. "काही नको," ती म्हणाली. "इथंच राहू दे, टेबलावर. मोकळं. दोन दिवस येता-जाता बघीन म्हणते."

ती चहा टाकायला आत गेली. वर पंखा फुल स्पीडवर होता आणि पत्राचा कोपरा सारखा उचलत होता. टेबलाच्या कडेला दोन इंचांचा पोलादी ठोकळा होता, मीच केलेला, अगदी हाताशी. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.